खारे पाणी, गोडे पाणी आणि परासरण

२०२० सालच्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर एकाएकी गुलाबी दिसू लागले. त्याची छायाचित्रे तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असतील. एरवी या सरोवराचे पाणी हिरवट असते. टाळेबंदीचे दिवस होते, लोकांना वेळ भरपूर होता, त्यामुळे तर्कवितर्कांना ऊत आला. पुढे पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले आणि उलगडा झाला. उन्हाळ्यात पाणी आटून त्याचा खारटपणा वाढला होता, आणि खाऱ्या पाण्यातच फोफावणारे ‘हॅलोआर्किया’ नावाचे सूक्ष्मजीव तेथे बेसुमार वाढले होते. त्यांच्या अंगचे रंगद्रव्य गुलाबी असते, म्हणून पाणी गुलाबी.

रंगाचे कोडे सुटले. पण त्याच्या मागे दुसरे एक कोडे आहे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. मिठाच्या पाण्यात काकडीची फोड टाकली तर ती थोड्याच वेळात लुळी पडते. मग खाऱ्या पाण्यात हा एकाच पेशीचा, उघडावाघडा जीव लुळा का पडत नाही? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता आपण स्वयंपाकघरात जाऊ, दवाखान्यात डोकावू, आणि शेवटी घाटाखाली उतरून पूर्णेच्या काठच्या शेतात पोचू. तेथे हा प्रश्न कुतूहलाचा राहत नाही. तो पोटापाण्याचा होतो.

आधी स्वयंपाकघर. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी पान वाढायच्या वेळी घालतात, हे तुम्ही पाहिले असेल. आधी घातले तर कोशिंबीर पाणी सोडते. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवली की सकाळपर्यंत पातेल्याच्या तळाशी पाणी जमते. पाणी तर कोणी घातलेले नसते! ते फोडींच्या आतून आलेले असते. याउलट मनुका पाण्यात टाकून ठेवल्या की तासा-दोन तासांत टरारून फुगतात. येथे पाणी बाहेरून आत गेले. दोन्ही ठिकाणी पाणी एका पातळ पडद्यातून पलीकडे गेले आणि दोन्ही ठिकाणी ते कमी खारट किंवा कमी गोड बाजूकडून अधिक खारट किंवा अधिक गोड बाजूकडे गेले. यालाच परासरण म्हणतात. जुन्या पुस्तकांत ‘तर्षण’ असाही शब्द आढळतो. तर्ष म्हणजे तहान. शब्द मोठा समर्पक आहे.

(जाता जाता : हरभरे भिजवले की फुगतात, हेही परासरणाचे उदाहरण म्हणून पुष्कळदा सांगितले जाते. ते निम्मेच खरे आहे. वाळलेल्या दाण्यातील पिष्ट आणि प्रथिने सुरुवातीला स्पंजासारखे पाणी शोषून घेतात. त्याला पडदा लागत नाही. कुटलेला हरभराही पाणी शोषतोच. परीक्षेत उदाहरण द्यायचे झाले तर मनुका द्यावी.)

आता हे का घडते? ‘मीठ पाण्याला ओढून घेते’ असे आपण बोलण्यात म्हणतो. बोलण्यापुरते ठीक आहे, पण त्यामुळे समजूत अशी होते, की मिठात लोहचुंबकासारखे काही आकर्षण आहे. तसे काही मानण्याची गरज नाही. पाण्याचे रेणू कधीच स्वस्थ नसतात. ते सतत सर्व दिशांना धावत असतात आणि पडद्यावर आदळत असतात. पडदा अर्धपार्य आहे, म्हणजे त्यातून पाण्याचा रेणू जाऊ शकतो पण मिठाचे कण किंवा साखरेचे रेणू जाऊ शकत नाहीत, असे समजा. पडद्याच्या एका बाजूला निव्वळ पाणी आहे. तिकडून जो आदळतो तो पाण्याचाच रेणू असतो. दुसऱ्या बाजूला मिठाचे पाणी आहे. तिकडून आदळणाऱ्यांत काही मिठाचे कण असतात, आणि त्यांना पडदा परत फिरवतो. म्हणून तिकडून इकडे येणारे पाणी थोडे कमी, इकडून तिकडे जाणारे थोडे जास्त. जमाखर्चात जी शिल्लक उरते ते परासरण. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक सांगतो. ‘परासरण म्हणजे अधिक तीव्रतेकडून कमी तीव्रतेकडे जाणे’ असे कोणी पाठ करतो, तर कोणी नेमके उलटे पाठ करतो, आणि दोघेही परीक्षेत गोंधळतात. तीव्रता कशाची, हे आधी विचारावे. मिठाची तीव्रता म्हटले तर पाणी कमीकडून अधिककडे जाते. पाण्याचे प्रमाण म्हटले तर ते अधिककडून कमीकडे जाते. दोन्ही वाक्ये एकच गोष्ट सांगतात.

हे प्रथम नोंदवले गेले ते १७४८ साली, पॅरिसमध्ये. नोले या शास्त्रज्ञाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड प्राण्याच्या मूत्राशयाच्या पातळ कातड्याने बांधले आणि ते पाण्यात बुडवून ठेवले. कातडे फुगून तट्ट झाले. पण किती जोराने फुगते, याचे मोजमाप व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८७७ साली फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तो दाब मोजला, आणि त्याच्या आकड्यांवरून व्हान्ट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञाने दहा वर्षांनी नियम बसवला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली मिळाले ते याच व्हान्ट हॉफला. मौज अशी, की मोजले वनस्पतिशास्त्रज्ञाने, नियम सांगितला रसायनशास्त्रज्ञाने, आणि नियमाचे रूप मात्र आम्हा भौतिकीवाल्यांच्या वायूच्या नियमासारखे! विरळ द्रावणातले कण जणू वायूचे रेणू आहेत असे धरले, तर त्यांचा जो दाब येईल तोच परासरण दाब.

सूत्र बाजूला ठेवू आणि त्यातून निघणारा एक सोपा आकडा लक्षात ठेवू. एक लिटर पाण्यात १ ग्रॅम मीठ विरघळवले, तर आपल्याकडच्या हवामानात त्याचा परासरण दाब सुमारे ०.८ वातावरण असतो. म्हणजे त्या द्रावणात पडद्यातून पाणी शिरू नये असे वाटत असेल, तर त्यावर ०.८ वातावरणाएवढा जादा दाब द्यावा लागेल. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. चिमूटभर मिठाची ही करामत आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गुणाकार तुम्हीच करा.

साखरेचे काय? परासरणात वजनाला किंमत नाही, कणांच्या संख्येला आहे. साखरेचा रेणू जड, तेव्हा एका ग्रॅममध्ये रेणू थोडे. मीठ हलके, शिवाय पाण्यात विरघळताच त्याचे दोन तुकडे होतात, एक सोडियमचा आणि एक क्लोरीनचा. हिशेब केला तर तेवढाच दाब आणायला मिठाच्या सुमारे बारा पट साखर लागते. आता लक्षात येईल, की लोणचे मुठीने घातलेल्या मिठावर टिकते, पण मुरांब्याला मात्र फोडींच्या बरोबरीने साखर का घालावी लागते. इतक्या दाट पाकात आपला साधा नियम काटेकोर लागू पडत नाही, पण कल तोच राहतो. दोन्ही बरण्यांत शिरलेला बुरशीचा किंवा जिवाणूचा कण पाणी गमावून सुकतो. पाण्यात बसून तहानेने मरतो म्हणा ना!

जिवंत पेशीची अडचण आता स्पष्ट होईल. पेशीत क्षार, साखर, प्रथिने असा ऐवज असतो, आणि तिचा पडदा पाण्याला पुष्कळ प्रमाणात वाट देतो. त्या पडद्यात खास पाण्यासाठी बारीक बोगदे असतात. त्यांचा शोध पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ च्या सुमारास लावला आणि त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे पेशीला पाण्यापुरते दार बंद करून बसता येत नाही. बाहेर जे द्रावण असेल त्याच्याशी तिला हिशेब जुळवावाच लागतो. रक्तातील तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर पाणी आत घुसून त्या फुटतात. दाट मिठाच्या पाण्यात टाकल्या तर सुरकुततात. म्हणूनच रुग्णाच्या शिरेतून नुसते पाणी कधी देत नाहीत, सलाइन देतात. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असे छापलेले असते. म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. आपल्या आकड्याने गुणले तर सात वातावरणांहून थोडा अधिक दाब येतो. सुमारे ७५ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा! तुमच्या बोटातून वाहणाऱ्या रक्ताच्या प्रत्येक पेशीच्या दोन्ही अंगांना हा दाब तोलून धरलेला असतो, म्हणून तो जाणवत नाही.

वनस्पतींनी दुसरी युक्ती केली. त्यांच्या पेशीला पडद्याबाहेर एक मजबूत भिंत असते. पाणी आत शिरते, पेशी फुगते, भिंत ताणली जाते आणि ‘आता पुरे’ म्हणून उलट दाब देते. पालकाचे पान ताजे असताना ताठ उभे राहते ते या दाबावर. पेशीतला हा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाहून कित्येकदा जास्त असतो. पाणी गेले की पान पंक्चर झालेल्या चाकासारखे बसते.

घरी एक प्रयोग करा. बटाट्याच्या सारख्या लांबीच्या, पाच-पाच सेंटिमीटरच्या काड्या कापा. पाच पेले घ्या. एकात साधे पाणी, बाकीच्यांत लिटरला ५, १०, २० आणि ४० ग्रॅम या प्रमाणात मिठाचे पाणी. प्रत्येक काडी पुसून तोला, चार-पाच तास बुडवून ठेवा, पुन्हा पुसून तोला. साध्या पाण्यातली काडी जड आणि कडक झालेली दिसेल, शेवटच्या पेल्यातली बोटाभोवती वळेल. वजनातील वाढ-घट आलेखावर मांडा. आलेख जेथे शून्याची रेषा ओलांडतो, त्या द्रावणाशी बटाट्याचा हिशेब जुळतो. तेथील मिठाला ०.८ ने गुणले की बटाट्यातील रसाचा परासरण दाब तुमच्या हाती आला. उत्तर मी सांगत नाही. सोनाराचा किंवा प्रयोगशाळेतला बारीक तराजू मिळाला तर उत्तम.

आता लोणारला परत जाऊ. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात झाले आहे. कडेला ‘धार’, ‘सीतान्हाणी’ असे गोड्या पाण्याचे झरे आहेत. पण तळातले पाणी खारट आणि जोडीला अल्कधर्मी. आत आलेल्या पाण्याला वाहून जायला वाट नाही, ते वाफ होऊनच जाते, आणि आलेले क्षार मागेच राहतात. लवणासुराची कथा आणि गावाचे नाव या खारटपणावरूनच. काठावर कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर दाखवतात. तिच्या एका बाजूचे पाणी गोड, दुसऱ्या बाजूचे खारट. सासू कोणती नि सून कोणती, यावर मात्र मतभेद आहेत!

या पाण्यात जगणाऱ्यांनी परासरणाशी दोन प्रकारे तह केलेला आहे. पाण्याला हिरवा रंग देणाऱ्या स्पिरुलिनासारख्या शैवालवर्गीय जिवाणूंचा मार्ग म्हणजे बाहेरचे मीठ शक्यतो बाहेर ठेवायचे आणि आत साखरेच्या जातीचे निरुपद्रवी पदार्थ तयार करून कणांची संख्या बरोबरीला आणायची. परासरणाला संख्या कळते, पदार्थ कळत नाही. मात्र हे पदार्थ तयार करायला ऊर्जा खर्ची पडते. गुलाबी हॅलोआर्कियांनी उघड उघड शरणागती पत्करली आहे. त्यांनी पेशीतच क्षार भरून घेतले, तेही मुख्यत्वे पोटॅशियमचे. आत-बाहेर सारखेच खारट, मग पाणी जाईल कशाला? पण एवढ्या क्षारात साधी प्रथिने आपला आकार टिकवू शकत नाहीत. या जीवांची प्रथिने खास घडणीची आहेत. ती खारटपणातच नीट काम करतात. या सोयीची किंमत मोठी आहे. अशा पेशी गोड्या पाण्यात टाकल्या तर पाणी धबाधबा आत शिरते आणि त्या फुटून जातात. आपल्याला जे अमृत, ते त्यांना विष. लोणारच्या सरोवराला २०२० मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. ते सांभाळायचे म्हणजे तेथील पाणी ‘सुधारायचे’ असा अर्थ कोणी घेऊ नये. बाहेरचे गोडे पाणी, सांडपाणी तेथे सतत येऊ लागले, तर तेथील जीवसृष्टीचा हा जमाखर्च मोडतो.

लोणार घाटावर आहे. घाट उतरून उत्तरेला गेले की पूर्णेचे खोरे लागते. ही तापीला मिळणारी पूर्णा, मराठवाड्याची वेगळी. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तिच्या काठाने खारपाणपट्टा पसरला आहे. आमच्या जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर या तालुक्यांतील गावे त्यात येतात. जमीन काळी, खोल, पाहताच हेवा वाटावा अशी. पण विहीर खणावी तर खारे पाणी. ते पिण्याच्या कामाचे नाही आणि पिकाला देण्याच्याही कामाचे नाही.

पिकाला का नाही? खारट पाण्याने मुळे ‘जळतात’ असे म्हणतात, पण मुळाची अडचण आपल्या फोडीसारखीच आहे. मुळाने पाणी घ्यायचे तर मुळातल्या रसाचा परासरण दाब मातीतल्या पाण्याहून जास्त हवा. समजा, मातीतल्या पाण्यात लिटरला ३ ग्रॅम क्षार आहेत. ते सगळे काही खाण्याचे मीठ नसते, पण अंदाजापुरते तसे धरू. दाब झाला २.४ वातावरण. श्रावणात रान भिजलेले असते, पीक तेवढे सोसते. पुढे पाऊस सरतो, ऊन पडते, आणि मातीतले निम्मे पाणी उडून जाते. क्षार उडत नाहीत. आता दाब ४.८. आणखी निम्मे गेले की ९.६. शिवाय पाणी कमी झाले की मातीचे कण स्वतःही ते घट्ट धरून ठेवतात. तो जोर यात मिळवायचा. मुठीत घेतली तर माती अजून ओलसर लागते आणि पीक मात्र दुपारी माना टाकते. मीठ नसलेल्या शेजारच्या रानात तेवढ्याच ओलीवर पीक हसत असते. पऱ्हाटीला हा ताण बराच सोसतो, मुगाला आणि हरभऱ्याला कमी. सर्वांत नाजूक वेळ उगवणीची. त्या दिवसांत बी आणि क्षार दोन्ही वरच्या थरातच असतात. या जमिनीत सोडियममुळे चिकणमाती फुगून पाण्याचा निचराही अडतो. ती गोष्ट वेगळी, तिचा परासरणाशी संबंध नाही, पण शेतकऱ्याला दोन्ही एकदमच भोगावे लागते. म्हणून येथे पावसाचे पाणी शेततळ्यात धरून ते वेळेवर पिकाला देणे याला मोल आहे. मोल केवळ पाण्याचे नाही. गोडे पाणी मातीतल्या खारट पाण्याला पातळ करते.

(गोड्या पाण्याच्या रानातही हे संकट आपण हाताने आणू शकतो. युरियाचे दाणे रोपाच्या बुंध्याशी पडून राहिले आणि ओल कमी असली, की रोप करपते. त्यात अमोनियाचाही हात असतो, पण पहिला धक्का पुष्कळदा परासरणाचा असतो.)

पिण्याच्या पाण्याचे काय? काही गावांना सातपुड्यातल्या वान नदीच्या धरणाचे गोडे पाणी नळाने मिळते. जेथे ते पुरत नाही तेथे खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र आले आहे. त्याला सगळे ‘आर.ओ.’ म्हणतात. ही अक्षरे उलट्या परासरणाची. खाऱ्या बाजूवर परासरण दाबाहून अधिक दाब दिला, तर पाणी उलट्या दिशेने, खाऱ्याकडून गोड्याकडे निघते. सांगायला सोपे. पण मीठ अडवील, पाणी भरभर सोडील आणि दाबाने फाटणार नाही, असा पडदा हाती यायला १९६० चा सुमार उजाडला. तो अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी बनवला.

समजा, विहिरीच्या पाण्यात लिटरला ३ ग्रॅम क्षार आहेत. सुरुवातीला २.४ वातावरणाहून थोडा जादा दाब पुरेल असे वाटते. आता १०० लिटर पाणी यंत्रात घाला. त्यात एकूण ३०० ग्रॅम क्षार आहेत. ५० लिटर गोडे पाणी पलीकडे गेले, तर जवळजवळ सगळे ३०० ग्रॅम उरलेल्या ५० लिटरमध्ये कोंडले गेले. आता लिटरला ६ ग्रॅम, दाब ४.८. आणखी २५ लिटर काढले तर १२ ग्रॅम, दाब ९.६. आकडे ओळखीचे वाटले? श्रावण सरल्यावर शेतातल्या मुळापुढे वाढत गेलेले हेच आकडे आहेत. मुळाचा जोर कोठे तरी संपतो, तसा पंपाचाही संपतो. शिवाय दाट झालेल्या पाण्यातले क्षार पडद्यावर बसू लागतात. म्हणून यंत्राला काही पाणी नेहमी टाकून द्यावेच लागते. घरगुती यंत्रे तर बहुधा निम्म्याहून अधिक पाणी टाकतात. यंत्र क्षार नाहीसे करत नाही, ते फक्त एका बाजूला गोळा करते.

तुमच्या गावात किंवा शाळेत असे यंत्र असेल तर त्याची टाकाऊ पाण्याची नळी कोठे जाते ते पाहा. नालीत, परसातल्या झाडांना, की मागच्या शेतात? त्या नळीचे एक लिटर पाणी आणि विहिरीचे एक लिटर पाणी वेगवेगळ्या स्वच्छ पातेल्यांत, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, मंद आचेवर पूर्ण आटवा. तळाला उरलेली पांढरी पूड खरवडून तोला आणि ग्रॅमला ०.८ ने गुणा. पूड निव्वळ मिठाची नसल्याने उत्तर अंदाजाचेच येईल. मग नळीच्या तोंडाशी जे झाड उभे असेल, त्याची पाने एप्रिलच्या दुपारी पाहून ठेवा आणि दोन्ही गोष्टी वहीत शेजारी-शेजारी लिहा.